आक्काला विचारा : ‘फेम’ महाराज

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देता देता मी लिहून गेले, की टाळ-वीणा खाली ठेवून बिग बॉसच्या घरात राहायला जाणारे महाराज मला उमगत नाहीत. तेवढ्या एका वाक्यावर टपालवाल्याचं ओझं वाढलं. शाबासकी कमी, खडे बोल जास्त. म्हणून या वेळी सासू-सुनांची पत्रं बाजूला ठेवते आणि हीच घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच, की वडील पखवाज वाजवायचे, त्यामुळे मी सप्ताहाच्या मंडपात वाढले. आणि नोकरी केली ती गोरेगावच्या स्टुडिओंत, एडिटिंगच्या मशीनवर, रिॲलिटी शो कापत. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय.

आक्का, आमच्या गावात चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह असतो. यंदा काल्याच्या, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या कीर्तनाला टीव्हीच्या शोमध्ये जाऊन आलेले एक महाराज आणायचेच, असा तरुण मंडळींचा हट्ट आहे. मानधन नेहमीच्या चौपट सांगतात. म्हातारी माणसं म्हणतात, नको. मी मधल्यामधे सापडलोय.
— सप्ताह कमिटीचा सचिव, नेवासा तालुका

सचिवराव, आधी पत्रिका समोर घ्या. छापखान्यातून प्रूफ आलंच असेल. वर विठ्ठल-रुखमाई, दोन्ही अंगाला ज्ञानोबा-तुकोबा, त्याखाली आमदारांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे हात जोडून उभे, आणि मग गोल चौकटीत रोजच्या कीर्तनकारांचे फोटो. पूर्वी महाराजांच्या नावापुढं कंसात गाव असायचं, आळंदी नाहीतर पैठण. मग ‘विनोदाचार्य’ आलं, ‘समाजप्रबोधनकार’ आलं. आता ‘फेम’ आलंय. ‘झी टॉकीज फेम’ छापलेल्या पत्रिका माझ्याकडं पिशवीभर निघतील. त्या वाहिनीवर ‘मन मंदिरा’ या कार्यक्रमात कीर्तनं लागतात. तिथं एकदा उभं राहिलं, की पुढच्या हंगामाला ती अक्षरं नावाला चिकटली. त्याला माझी ना नाही, निदान तिथं कीर्तन तरी होतं. पण जिथं कीर्तन झालंच नाही, नुसती भांडी घासण्यावरून वादावादी झाली, तिथलं ‘फेम’सुद्धा आता त्याच जागी, त्याच लाल शाईत छापायची तयारी चाललीय.

महाराज टीव्हीवर का जातात, ते त्या लाल शाईत वाचा. वाहिनी देते ते देते, खरी कमाई नंतरच्या तारखांत असते. गाडीत गायनाचार्य, मृदंगाचार्य आणि दोन टाळकरी घालून ऐन सप्ताहांच्या दिवसांत रोज नवं गाव गाठायचं. तारखेचा भाव वाढला तर वर्ष सुधारतं. पोटासाठी कीर्तन करणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. तुकोबांच्या काळात डिझेल भरावं लागत नव्हतं. पण त्यांनी लिहून ठेवलंय ते गाळूनही चालत नाही. ‘जेथें कीर्तन करावें, तेथें अन्न न सेवावें’. बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, घोड्या-बैलाला दाणावैरणसुद्धा मागू नये. हा अभंग कीर्तनकारांना तोंडपाठ असतो आणि निरूपणाला मात्र क्वचित निघतो. त्याचा शेवटचा चरण तुमच्या कमिटीच्या कामाचा आहे: ‘तुका म्हणे द्रव्य घेती, देती तेही नरका जाती’. घेणारा एकटा जात नाही, सचिवराव. पाकिटावर तुमचीही बोटं आहेत.

तरी भांडण मिटवायचंय, तर महाराजांना असा निरोप धाडा: काल्याचं नाही, तिसऱ्या दिवसाचं कीर्तन आहे, मानधन इतरांना तेवढंच, आणि पत्रिकेवर नावापुढं फक्त गाव छापू. एवढ्यावर आले, तर खुशाल पाया पडा. तारीख नाही म्हणाले, तर चौपटीतले तीन भाग वाचले. शाळेच्या नळाला तोट्या बसवा.

आक्काबाई, तुम्हाला बरे आमचेच महाराज दिसतात! इतर धर्मांतले लोक टीव्हीवर काय करतात, ते लिहायला लेखणी कचरते वाटतं?
— एक संतप्त वाचक, डोंबिवली

कचरत नाही. बसा, पाणी प्या.

अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ मध्ये ऑक्सिजन नावाच्या वाहिनीवर ‘प्रीचर्स ऑफ एल.ए.’ सुरू झाला. लॉस एंजेलिसकडचे सहा पाद्री. त्यांचे बंगले, गाड्या, बायका, आपसांतल्या कुरबुरी. जाहिरातीतच एक बिशप विचारतात, की फेरारी काय फक्त रॅपवाल्यांनीच फिरवायच्या? पाद्रीमंडळींतूनच त्यावर टीका झाली. वाहिनीनं त्या टीकेचं काय केलं? पुढं डेट्रॉइटचे पाद्री आणले, मग अटलांटाचे. ओरड जितकी मोठी तितका कार्यक्रम बघितला जातो, हे मी पगार घेऊन शिकलेय.

मलेशियात याच्या बरोब्बर उलटं करून बघितलं. २०१० साली ॲस्ट्रो ओॲसिस वाहिनीवर ‘इमाम मुदा’ आला. दहा तरुण, राहायला मशिदीतलं वसतिगृह, फोन नाही, टीव्ही नाही. प्रेक्षकांची मतं नाहीत. निकाल द्यायला राष्ट्रीय मशिदीचे माजी प्रमुख इमाम. बक्षीस काय? हज, मदिनेत शिकायची शिष्यवृत्ती आणि मशिदीत इमामाची नोकरी. आणि परीक्षा अशी, की बेवारस प्रेताला विधीनं आंघोळ घालून दफन करा. एका पोराचे डोळे कॅमेऱ्यापुढं भरून आले, ते जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं. मेलेल्या माणसाची परवानगी कुणी घेतली, हा प्रश्न माझ्या मनात राहतोच. पण निदान त्या पोरांची पारख इमामाच्या कामावरून झाली, दुधाच्या पिशवीवरून कुणाशी भांडले यावरून नाही.

आणि तिसरा मासला तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवलाय. केंटकी राज्यात मिडल्सबरो नावाचं गाव आहे. तिथले पाद्री जेमी कूट्स प्रार्थनेत विषारी साप उघड्या हातानं धरायचे. मार्कच्या शुभवर्तमानात तसं म्हटलंय, अशी त्यांच्या पंथाची श्रद्धा. नॅशनल जिओग्राफिकनं २०१३ मध्ये त्यांच्यावर आणि टेनेसीतल्या एका तरुण पाद्र्यावर ‘स्नेक साल्व्हेशन’ नावाची मालिका केली. त्याच नोव्हेंबरात त्या तरुणाचे ५३ साप वन्यजीव खात्यानं उचलून नेले. खात्याकडंही टीव्ही असतोच की! कूट्स मात्र मालिका संपल्यावरही जसेच्या तसे. १५ फेब्रुवारी २०१४ ला चर्चमध्ये रॅटलस्नेक हाताला चावला. घरी गेले, रुग्णवाहिका आली तर उपचाराला नाही म्हणाले, आणि त्याच रात्री वारले. वय ४२. बायकापोरांना मागं ठेवून असं मरणं मला बिलकुल पटत नाही. पण हा माणूस प्रसिद्धीसाठी साप धरत होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कॅमेरा यायच्या आधीही धरत होता, कॅमेरा गेल्यावरही.

आता सांगा, यातला कोण कुठल्या धर्माचा म्हणून वाचला?

कीर्तनाची स्पर्धा टीव्हीवर झाली, ‘कोण होणार महाराष्ट्राचा लाडका कीर्तनकार’. तेही तुम्हाला खपत नाही का? माझा भाचा त्यामुळेच अभंग ऐकायला लागला.
— प्राथमिक शिक्षिका, वैजापूर

खपतं, बाई. थोडं नाक मुरडून खपतं. २०२५ च्या एप्रिलात सोनी मराठीवर तो सुरू झाला तेव्हा मीही नेमानं बघितला. नाक मुरडायचं ते घड्याळासाठी. दोन तासांचं कीर्तन, नमनाचा अभंग, मग निरूपणाचा अभंग, त्यातलं ध्रुपद पुन्हा पुन्हा आळवत जायचं, मधेच गायकानं चाल उचलायची, पखवाजवाल्यानं गजर चढवायचा. हे सगळं टीव्हीच्या तुकड्यात बसवायचं तर आधी मुरवण जाते. दृष्टांत तेवढे उरतात. पण पोरं निरूपणासाठीच उभी होती, त्यासाठीच बसवली होती. भाच्याला आता रात्रीच्या खऱ्या कीर्तनाला न्या. शेवटपर्यंत जागला तर कळवा.

आणि कॅमेरा-माईकशी माझं वैर नाही. गाडगेबाबांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं आणि ते ध्वनिमुद्रित झालं. पुढं दीड महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. माईक नसता तर त्या आवाजाला आपण मुकलो असतो. बाबा लोकांना प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात, मग त्याच उत्तराचा धागा धरून पुढचा प्रश्न. ऐकणाऱ्याच्या डोक्यात लख्ख पडतं. पाया पडू द्यायचे नाहीत, कीर्तनाआधी गाव झाडायचे. असा माणूस बिग बॉसच्या घरात सोडला असता तर त्यांनी घर झाडून काढलं असतं, आणि एडिटिंगमध्ये ते झाडणं कापलं गेलं असतं.

आक्का, मी आळंदीला चार वर्षं शिकलो. आता परभणी-हिंगोलीकडं बऱ्यापैकी तारखा असतात. एका मोठ्या शोच्या कास्टिंगवाल्यांचा फोन आला होता. ‘महाराज, घरात राहून समाजप्रबोधन करा, करोडो लोक बघतील,’ म्हणतात. घरचे तयार आहेत, गुरुजी काहीच बोलत नाहीत. जाऊ का?
— एक तरुण कीर्तनकार, जिंतूर तालुका

बाळा, गुरुजींना बोलतं करण्याआधी कास्टिंगवाल्यांनाच जरा बोलतं कर.

बिग बॉसचा हा खेळ मूळ हॉलंडचा, १९९९ सालचा ‘बिग ब्रदर’. आपल्याकडं हिंदीत २००६ ला आला, मराठीत २०१८ ला. घर बंद, घड्याळ नाही, फोन नाही, बाहेरची बातमी नाही. रात्रंदिवस चित्रण आणि त्यातून रोजचा साधारण तासाभराचा भाग. बाकीचं जातं कुठं, ते मला विचार. कास्टिंगवाल्याच्या वहीत नावं नंतर येतात, आधी खाचे असतात: एक तोंडाळ, एक देखणं जोडपं, एक गावाकडचा भोळा, एक वाद ओढवून घेतलेली नटी, आणि जमलं तर एक धार्मिक. तू त्या शेवटच्या खाच्यात. तुझा टिळा, तुझी तुळशीची माळ, तुझं ‘रामकृष्णहरी’ त्यांना हवंय ते कशासाठी? त्या वेशातल्या माणसाचा तोल सुटला तर तो बघण्यासारखा असतो. तोंडाळाचा सुटला तर त्यात काय नवल?

एका शोमध्ये असेच एक बाबा होते. नाव सांगत नाही, शोचंही नाही. पहाटेचं फुटेज माझ्या वाट्याला असायचं. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून बाबा तांदूळ निवडत होते. समोर एक मुलगी, तिचा वडिलांशी कित्येक वर्षांचा अबोला. ताटातले खडे बाजूला सारत बाबा तिला एकेक विचारत होते. उपदेश नाही, नुसते प्रश्न. शेवटी ती म्हणाली, बाहेर गेल्यावर पहिला फोन अण्णांना करीन. मी ते सगळं टाइमलाइनवर लावलं. क्रिएटिव्हचा पोरगा पाठीमागं उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘छान आहे गं, पण यात घडतंय काय?’ ते सगळं कापलं गेलं. त्याच दुपारी दुधावरून बाबांचा आवाज चढला, जेमतेम एक वाक्य. ते प्रोमोत गेलं, दिवसभर वाजलं. वाक्याच्या शेपटाला त्याच मुलीचा रडवेला चेहरा जोडला गेला. ती रडली होती ती पहाटे, वडिलांच्या आठवणीनं. आमच्यात त्याला ‘रिॲक्शन लावणं’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. बघणाऱ्यांनी काय बघितलं? बाबांनी पोरीला रडवलं.

आता नावं घेऊन बोलू. सप्टेंबर २०२१ मध्ये मराठी बिग बॉसच्या तिसऱ्या पर्वात बार्शीकडच्या कीर्तनकार शिवलीला पाटील गेल्या. तब्येत बिघडली म्हणून काही दिवसांतच बाहेर आल्या. वारकऱ्यांतून टीकेचा भडिमार झाला आणि त्यांनी माफी मागितली. मला ते फार लागलं. ज्यांनी त्यांना हेरून, गोड बोलून नेलं त्यांनी माफी मागावी असं कुणाला सुचलं नाही. एवढ्याशा वयाची मुलगी मात्र हात जोडून उभी. पोरींनी कीर्तन करावं की नाही हाच प्रश्न ज्यांच्या पोटात सलतो, त्यांना आयतं कोलीत मिळालं. जुलै २०२४ च्या अखेरीस पाचव्या पर्वात आळंदीचे पुरुषोत्तमदादा पाटील गेले, आणि सगळ्यांत आधी तेच बाहेर पडले. त्या आठवड्यात पडदा व्यापला होता वर्षा उसगावकर आणि निक्की तांबोळी यांच्या वादानं. म्हणजे बघ, एकीला जाच झाला आणि दुसऱ्यांना कुणी बघितलंच नाही. समाजप्रबोधन दोन्हीकडं शून्य. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही: दोन्ही वेळा चातुर्मास चालू होता. कीर्तन-प्रवचनाचेच ते दिवस.

हिंदीतले तर विचारूच नको. स्वामी अग्निवेश, वेठबिगारांसाठी उभा जन्म झिजवलेला माणूस. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनात त्यांचं बिनसलं, लोकांच्या मनातून उतरले, आणि नोव्हेंबरात बिग बॉसच्या घरात तीन दिवस राहून आले. खाणकामगारांच्या प्रश्नावर तिथं त्यांचं कुणी काही ऐकलं असेल, तर मला दाखवून दे. पुढं २०१६ च्या दहाव्या पर्वात स्वामी ओम नावाचे गृहस्थ आले. त्यांनी सोबतच्या स्पर्धकांवर लघवी फेकली, तेव्हा कुठं जानेवारीत त्यांना हाकललं. त्याआधी आठवडेच्या आठवडे त्यांचे चाळे चवीनं दाखवले. बाहेर आल्यावर बातम्यांच्या वाहिन्याही त्यांना चर्चेला बोलवत राहिल्या. अग्निवेश तीन दिवसांत विसरले गेले, स्वामी ओम सगळ्यांना आठवतात. तुला यांपैकी कुणासारखं व्हायचंय, हे कास्टिंगवाला तुला विचारणार नाही. त्याला दुसरा हवा असतो.

तू कीर्तनाला उभा राहतोस ती जागा नारदाची म्हणतात. तुझ्या आजोबांच्या वयाची माणसं तुझ्या पाया पडतात आणि तूही त्यांच्या पडतोस. पंचविशीतल्या पोराच्या पाया कुणी पडत नसतं, त्या जागेच्या पडतात. हे तुला आळंदीत पहिल्याच वर्षी सांगितलं असेल. घरात तू पाऊल ठेवलंस की ती जागा दाराबाहेर राहिली. आत उरतो तू, तुझी भूक, तुझी झोपमोड, तुझा संताप. वाहिनी तेवढंच विकणार. तुझं निरूपण ज्ञानेश्वरीवरचं असो की व्यसनमुक्तीवरचं, ते पहाटेच्या फुटेजमध्ये पडून राहणार.

तरीही जायचा मोह सुटत नसेल, तर फोन करून एवढंच माग: आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचं निरूपण, मधे कापाकापी नाही, कुणाची रिॲक्शन नाही, आणि हे करारात लेखी. हो म्हणाले, तर माझं सगळं लिहिणं खोटं ठरव आणि जा. ‘विचारून सांगतो’ म्हणाले, तर फोन यायची वाट बघत तारखा रिकाम्या ठेवू नकोस. आगाऊ रक्कम, दंडाची अट, चित्रणाचे हक्क कुणाकडं आणि किती काळ, हे वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. मी पाहिलेल्या करारांत हक्क सगळे त्यांचेच असायचे. तू म्हातारा झालास तरी तो चढलेला आवाज तुझ्या नावावर वाजत राहील, आणि त्यावर तुला एक शब्द बोलता येणार नाही.

बाई, टीव्हीतल्या घरात आमचे एक महाराज अडकलेत. सून म्हणते, फोनवर बोट दाबून वोट द्या, म्हणजे ते वाचतील. देवाचं माणूस आहे. देऊ ना?
— एक आजी, करमाळा

आजी, वोट दिलंत तर ते आणखी एक आठवडा आत राहतील. वाचवायचंच असेल तर देऊ नका.